देवरे बाईंच्या नावावरची चूक

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत देवरे बाईंची शोकसभा झाली. मी निवृत्त मुख्याध्यापक आणि जमलेल्यांत वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून मला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं. बाईंच्या फोटोला हार घातला, उदबत्ती लावली आणि पाच-सहा जण बोलले. बाईंबरोबर बरीच वर्षं काम केलेले एक शिक्षक म्हणाले, "बाई मनाने फार मोठ्या. मुलांसाठी दारोदार हिंडल्या. एकच होतं, त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. त्यापायी एक कुटुंब दुखावलं गेलं. पण हेतू वाईट नव्हता." दोघा-तिघांनी माना हलवल्या. गेलेल्या माणसाचा दोष जितक्या मऊपणे सांगता येतो, तितक्या मऊपणे त्यांनी तो सांगितला होता.

शेवटी मला बोलायचं होतं. मी उभा राहिलो, बाईंच्या कष्टाळूपणाबद्दल चार वाक्यं बोललो, सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं आणि खाली बसलो.

त्या कुटुंबाची गोष्ट बाईंनी बाहेर फोडलेली नव्हती. मी फोडली होती. हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही आणि पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, जेव्हा सांगायला हवं होतं तेव्हाही आलं नाही. आता मी बहात्तर वर्षांचा आहे. तोंडाने होत नाही हे दोनदा सिद्ध झालं, म्हणून लिहितो आहे.

बाई मूळच्या बागलाणातल्या, नामपूरच्या. त्यांचं लग्न, लवकर आलेलं वैधव्य, भावांशी असलेलं नातं हे सगळं मला ऐकून थोडंफार माहीत आहे, पण ते इथे सांगायचा मला अधिकार नाही. मी त्यांना ओळखतो ते आमच्या शाळेत आल्यापासून. अंबडच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला आमची शाळा. मुलं सगळी कामगारांची. कायम नोकरीवाले थोडे, कंत्राटावरचे जास्त. पत्र्याच्या खोल्या, एकाला एक लागून. त्या वस्तीत बाई पहिल्या आठवड्यापासून पायी हिंडायला लागल्या. अंगावर नीट इस्त्री केलेली सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. शिक्षकांच्या खोलीत त्यांना मागे 'पीटीच्या बाई' म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पीटीचे सर तर खुर्चीतून उठत नाहीत. कुणीतरी बूट घालायला हवेत."

चहा त्या घेत नसत. तोंडात कायम एक लवंग. बोलताना ती एका गालातून दुसऱ्या गालात जायची, त्यावरून त्या रागावल्यात की विचारात आहेत हे मुलांना कळायचं. भूगोल शिकवायच्या. नकाशा भिंतीवर न टांगता जमिनीवर पसरायच्या आणि मुलांना त्याच्याभोवती बसवायच्या. वर्गाच्या हजेरीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांनी पेन्सिलीने प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक शब्द लिहिलेला असे. पहिली, दुसरी, तिसरी किंवा जनरल. ती मुलाची इयत्ता नव्हती, बापाची शिफ्ट होती. पाळी बदलली की खोडून नवीन लिहायच्या. पुढेपुढे ते पान खोडरबराने इतकं पातळ झालं, की पलीकडचं दिसायचं.

घरी जायचे त्यांचे काही नियम होते. पहिल्या भेटीत मुलाची तक्रार करायची नाही. उभ्याने बोलायचं नाही. बसल्यावर पाणी मागायचं. वस्तीत पाणी टँकरने यायचं, म्हणून म्हणायच्या, "अर्धाच पेला द्या." मी एकदा त्यांना विचारलं, की तहान नसताना लोकांचं पाणी कशाला पिता. त्या म्हणाल्या, "सर, आपण शाळेतून आलो की घरातली बाई घाबरलेली असते. पोराने काय केलं, आता काय ऐकावं लागणार. तिच्याकडं काही मागितलं की ती जरा सैल होते. देणारी झाली ना ती."

शाळेत आम्ही दर तिमाहीला पालकसभा घ्यायचो. शनिवारी सकाळी अकरा वाजता. येणारे आठ-दहा. एका शिक्षकसभेत मी वैतागून म्हणालो, की या लोकांना मुलांच्या शिक्षणाची काही पडलेलीच नाही. बाई शेवटच्या बाकावर होत्या. म्हणाल्या, "सर, शनिवारी अकराला मोकळं कोण असतं? मी आणि तुम्ही." सगळे हसले. मी हसलो नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंनी आपल्या वर्गाची सभा परस्पर घेतली. दुपारी साडेतीनला पहिली पाळी सुटते. एका कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर त्या चाचणीचे पेपर घेऊन उभ्या राहिल्या. सुटलेले बाप सायकली, मोटरसायकली लावून भोवती जमले. कुणीतरी म्हणालं, "बाई, हितंबी हजेरी घेता का काय?" बाई म्हणाल्या, "पोरांची झाली. तुमचीच राहिलीय." त्या दिवशी एकोणीस बापांनी उभ्या उभ्या आपल्या मुलांचे पेपर पाहिले. हे मला टपरीवाल्याने सांगितलं. बाईंनी सांगितलं नाही, आणि इतिवृत्तातही लिहिलं नाही, कारण सभेचं ठिकाण काय लिहायचं हा प्रश्नच होता.

नसीम आपांची गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली. त्यांची मुलगी शबाना वर्गात रोज झोपायची. गणिताच्या शिक्षकांनी तिला दोनदा बाहेर उभं केलं होतं. मी बाईंबरोबर त्यांच्या घरी गेलो, मुख्याध्यापक आले म्हणजे वजन पडेल म्हणून. खोलीत मधोमध काळ्या रबरी वायसरांचा ढीग. कंपनीतून पोतंभर आणायचे, कडेचं जादा रबर कात्रीने कापायचं आणि परत पोचवायचे. आई, आजी आणि शबाना, तिघींच्या हातात कात्र्या. मी घसा साफ केला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, खाली बसल्या, अर्धा पेला पाणी प्यायल्या आणि चौथी कात्री मागितली. तासभर वायसर कापत बसल्या. मला कात्री दिली नाही, त्यामुळे मी भिंतीला टेकून बसून राहिलो. बाईंनी वाकडे कापले म्हणून आजी त्यांना हसली. निघताना बाई एवढंच म्हणाल्या, "बोटं आखडतात हो आपा. शबानाची कशी राहतात?" तिसऱ्या की चौथ्या भेटीत नसीम आपा आपण होऊन म्हणाल्या, "बाई, अब मैं इसको आठ के बाद नहीं बिठाती." शबाना पुढे दहावी झाली. बाईंनी त्या घरी तिच्या झोपेचा विषय एकदाही काढला नव्हता.

असं सगळं पाहूनही मी बाईंवर खूश होतो असं नाही. त्याला एक कारण होतं. शाळेच्या तपासणीला साहेब आले की पालकसभांच्या नोंदवह्या मागतात. आमच्याकडे, आणि मला वाटतं आमच्यासारख्या बऱ्याच ठिकाणी, एक रीत पडलेली होती. तपासणीच्या चार दिवस आधी वही मुलांबरोबर घरोघर पाठवायची, सह्या आणायच्या आणि वरती मजकूर मागाहून लिहायचा. निम्म्या सह्या मुलंच करायची. एकाच निळ्या पेनाने. हे सगळ्यांना माहीत होतं, साहेबांनाही. फक्त देवरे बाई वही पाठवायच्या नाहीत. त्यांच्या वर्गाची पानं अर्धी कोरी असायची. एका तपासणीत साहेबांनी ते कोरं पान उघडून विचारलं, इतके पालक गैरहजर कसे. बाई म्हणाल्या, "आलेच नव्हते, साहेब." साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, पालकांचा सहभाग असमाधानकारक.

एवढी माणसं ज्या बाईच्या मागे उभी होती, तिच्याच वर्गामुळे शाळेला तो शेरा मिळाला. मी त्यांना ऑफिसात बोलावून बरंच बोललो. त्या ऐकून घेत होत्या. लवंग एका गालात स्थिर होती. शेवटी म्हणाल्या, "सर, त्यांच्या नावाने आपणच सही केली, तर मग ते कशाला येतील?"

तो शेरा माझ्या डोक्यात वर्षभर राहिला. पुढच्या वर्षी काहीतरी ठसठशीत दाखवायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

आता गांगुर्डे. हे त्यांचं खरं नाव नाही, आणि मुलीचं मनीषा हेही खरं नाही. एवढी अक्कल मला उशिरा आली आहे.

गांगुर्डे पेठच्या डोंगराकडचे. अंबडला एका कंपनीत माल चढवता-उतरवता कायम झाले आणि मग त्यांना स्टोअरमध्ये घेतलं होतं. थोरली मनीषा नववीत, बाईंच्या वर्गात, पहिल्या तिनांत येणारी. धाकटी पाचवीत. मनीषाला वडिलांचं फार कौतुक होतं. आपले वडील आठवीपर्यंत शिकले, शाळेसाठी रोज दोन डोंगर चढायचे आणि उतरायचे, हे ती निबंधात लिहायची.

एकदा बाई त्यांच्याकडे प्रगतिपुस्तक घेऊन गेल्या. गांगुर्ड्यांनी ते उघडून नीट पाहिलं, मान हलवली, "बराय, गणितात अजून पायजे," म्हणाले आणि खाली सही केली. सही मोठी झोकदार होती. गल्लीच्या टोकाला आल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की पिशवीतून दुसऱ्याच मुलीचं प्रगतिपुस्तक निघालं होतं. त्या मुलीला गणितात शंभरपैकी ब्याण्णव होते. बाई परत फिरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला नवीन प्रगतिपुस्तक लिहून दिलं, आणि मनीषाचं तिच्याकडेच देऊन घरून सही आणायला सांगितली. कुणाला काही बोलल्या नाहीत.

पण गांगुर्ड्यांना कळलं असावं, कारण एकदा सही करूनही मनीषा पुन्हा सहीला प्रगतिपुस्तक घेऊन आली आणि त्यावर त्यांची आधीची सही नव्हती. चार दिवसांनी साडेतीनला ते गेटवर बाईंपाशी आले. हे बाईंनीच मला नंतर सांगितलं, सांगावं लागलं म्हणून. ते म्हणाले, "बाई, तुमच्या ध्यानात आलंय. मला वाचता येत नाय. स्टोअरात डब्याचे रंग पाहून दिवस काढतोय. कंपनीत आठवी पास सांगितलंय. आन पोरीला बी." मग म्हणाले, "शिकवाल का? पर हे तुमच्या-माझ्यात."

त्यानंतर दर रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ, पाचवीच्या रिकाम्या वर्गात, बाई त्यांना शिकवायच्या. घरी ते ओव्हरटाइम सांगून निघायचे. एका रविवारी मी काही कागद न्यायला शाळेत गेलो, तर खिडकीतून दिसलं. चाळिशीचा एक दांडगा माणूस लहान बाकात गुडघे वर करून बसलाय आणि बोट ठेवून वाचतोय. मला पाहून तो उठून उभा राहिला. बाई बाहेर आल्या. एवढ्या हळू आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. "सर, हे तुमच्यापाशीच राहू द्या." मी म्हणालो, "अहो, म्हणजे काय."

मी अधूनमधून चौकशी करायचो. सहा-सात महिन्यांत ते पुष्कळ वाचायला लागले. एक दिवस बाई हसतच ऑफिसात आल्या. गांगुर्डे त्यांना म्हणाले होते, "बाई, त्या कोपऱ्यातल्या पिंपावर ज्वालाग्राही लिहिलंय. मी दोन वर्सं त्याच्यावर बसून डबा खातोय. बिडी बी वढलीय."

बाईंना एवढं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

त्या वर्षीची मोठी पालकसभा मी बाईंच्या सांगण्यावरून रविवारी घेतली. हॉल भरला. दाराबाहेर माणसं उभी होती. व्यासपीठावर शिक्षण विभागाचे साहेब आणि संस्थेचे पदाधिकारी होते. मुलींनी स्वागतगीत म्हटलं आणि त्या व्यासपीठाच्या कडेलाच बसल्या. त्यांत मनीषा होती. मी अहवाल वाचायला उठलो. समोर एवढी गर्दी मी त्या शाळेत कधी पाहिली नव्हती आणि साहेब मान डोलावत होते. अहवालात गांगुर्ड्यांचं नाव लिहिलेलं होतं असं मी म्हटलं, तर निदान घाईत झालेली चूक ठरेल. तसं नव्हतं. आदल्या दिवशी मी ते लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं. बोलता बोलता खोडलेल्या ओळीवर आलो आणि ती वाचली.

मी म्हणालो, "घर आणि शाळा यांचं नातं काय असावं, याचं उदाहरण इथेच बसलेलं आहे. आपले पालक गांगुर्डे चाळिशीत आमच्या देवरे बाईंकडे दर रविवारी येऊन बाराखडीपासून लिहायला-वाचायला शिकले." मग मी त्यांना उभं राहायला सांगितलं, आणि टाळ्या वाजवायलाही सांगितलं.

टाळ्या जोरात झाल्या. मला वाटलं, मी त्या माणसाचा सत्कार करतोय. गांगुर्डे उभे राहिले, कारण शेजारच्यांनी त्यांना उठवलं. त्यांच्या पुढच्या रांगेत त्यांच्याच कंपनीतले सुपरवायझर होते, त्यांचा मुलगा आमच्याकडे सातवीत होता. ते मागे वळून पाहत होते आणि टाळ्या वाजवत होते. मी बाईंना शोधलं. त्या भिंतीशी उभ्या होत्या. टाळ्या वाजवत नव्हत्या. माझ्याकडेही पाहत नव्हत्या. मनीषाकडे पाहत होत्या. मनीषा आपल्या पायांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास गांगुर्डे ऑफिसात आले. दाढी केलेली नव्हती. त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "सर, बाईंना बोलवा." बाई आल्या. गांगुर्डे आवाज न चढवता बोलले. "बाई, मी तुमाला सांगितलं व्हतं. तुमच्या-माझ्यात म्हनून. पोरगी रातभर बोलली नाय माझ्याशी. येकच बोलली, दोन डोंगर खोटे व्हते का म्हने."

टेबलाच्या एका बाजूला मी होतो, समोर ते दोघं. अहवाल माझ्या हाताखाली होता. खोडलेली ओळ वरच्याच पानावर. मला फक्त म्हणायचं होतं, बाईंनी नाही, मी. तीन शब्द. माझ्या मनात आलं, हा माणूस वस्तीत जाऊन सांगेल, संस्थेकडे जाईल, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. हे सगळं एका क्षणात मनात आलं, आणि तेवढ्या क्षणात बाई बोलल्या.

"चुकलं माझं. सरांना मीच लिहून दिलं होतं. मला वाटलं, तुमचं कौतुक होईल."

गांगुर्डे त्यांच्याकडे पाहत राहिले. "तुमच्याकडनं नव्हतं वाटलं," म्हणाले आणि गेले.

मी विचारलं, "बाई, हे काय केलंत?" मला आता आठवतं, माझ्या आवाजात सुटका झाल्याचा भाव होता, आणि तो त्यांना ऐकू आलाच असणार. त्या म्हणाल्या, "त्यांच्या दोन मुली आहेत शाळेत. माझ्यावर रागावले तर वर्ग बदलून देता येईल. तुमच्यावर रागावले तर शाळाच सोडतील." मी म्हणालो, मी त्यांना नंतर समजावून सांगेन. त्या हो म्हणाल्या. त्या हो म्हणाल्या तेव्हाच त्यांना माहीत होतं, असं मला वाटतं.

तीन आठवड्यांनी गांगुर्डे दोन्ही मुलींचे दाखले न्यायला आले. कंपनीत आठवीचा विषय निघाला होता. त्यांना स्टोअरमधून पुन्हा माल चढवायला पाठवलं, तेही कंत्राटावर. ते गावाकडे निघाले होते. बाईंनी माझ्याकडे येऊन विचारलं, दाखले दोन दिवस लांबवता येतील का. तेवढ्यात त्या पुन्हा एकदा घरी जाऊन येणार होत्या. गेल्या. दाराला कुलूप नव्हतं, आत माणसं होती. गांगुर्ड्यांच्या पत्नीने दार थोडं उघडून सांगितलं, की ते झोपलेत. बाईंनी पाणी मागितलं. ती आत गेली ती परत आली नाही. बाई काही वेळ उभ्या राहिल्या आणि आल्या. दाखल्यांवर सही मी केली. शेऱ्याच्या जागी स्थलांतर असं लिहिलं.

म्हणजे बाईंनी ज्यासाठी दोष घेतला, ते झालंच नाही. शाळा सुटलीच. आणि दोष मात्र राहिला.

वस्तीत महिन्याभरात सगळीकडे झालं. बाईंना घरातलं सांगू नका, सभेत वाचून दाखवतात. कुणी त्यांचा अपमान केला नाही. पाणी मिळायचं, पेला पूर्ण भरून मिळायचा. पण दोघी-तिघी बोलत बसल्या असतील तर बाई आल्या की गप्प व्हायच्या. नसीम आपा त्यांना म्हणाल्या, "बाई, बैठो ना. पर आज बताने जैसा कुछ नहीं है." गेटवर बाप सायकलीवरूनच हात करून जायचे. हजेरीपुस्तकाच्या मागच्या पानावर बाई अजूनही पाळ्या लिहायच्या, पण त्या आता मुलांना विचारून लिहिलेल्या असायच्या. शाळेला त्या वर्षी पालक सहभागासाठी चांगला शेरा मिळाला. त्याचं पत्र अजून ऑफिसात काचेच्या चौकटीत आहे. शोकसभेच्या दिवशी मी पाहिलं.

मी दोन वर्षांनी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं. बाई त्यानंतर चार वर्षं होत्या. ऐकतो की शेवटपर्यंत त्या वस्तीत जायच्या. बसायच्या, काही विचारायच्या नाहीत आणि उठून यायच्या. नवीन शिक्षिका त्यांना म्हणायच्या, बाई, आता व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, कशाला पायपीट करता. त्या म्हणायच्या, सवय आहे. नव्या पालकांना जुन्या पालकांनी आधीच सावध केलेलं असायचं. माणसं बदलत गेली, पण गोष्ट तिथेच राहिली.

गेल्या वर्षी मी नामपूरला गेलो. माझ्या घरून, इंदिरानगरहून, आधी रिक्षा, मग दोन एसट्या. बाई भावाच्या घराशेजारी दोन खोल्यांत राहत होत्या. बारीक झाल्या होत्या, लवंग तशीच. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "बठा ना, सर," म्हणाल्या. गावी त्या अहिराणीच बोलत, माझ्यासाठी मग शाळेतली भाषा आणली. मी पाठ करून गेलो होतो. सगळं म्हणून दाखवलं. आता मी शाळेत पत्र देणार, गांगुर्डे कुठे आहेत त्यांचा शोध लावणार आणि त्यांना समोरासमोर सांगणार, हेही सांगितलं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "शोध लावलात?"

मी म्हणालो, पेठला दोनदा माणूस पाठवला होता. तिथून ते कुठेतरी द्राक्षबागांच्या कामाला गेले, पुढचं कुणाला माहीत नाही. मनीषाचं लग्न लवकर झालं असं एकाने सांगितलं, तेही नक्की नाही.

बाई म्हणाल्या, "तिला आता मूल असेल. शाळेत जायच्या वयाचं." मग म्हणाल्या, "सर, तिला एवढंच माहीत आहे की एक बाई वाईट निघाली. एक बाई वाईट निघाली तर चालतं. दुसरी चांगली भेटेल असं वाटतं. तुम्ही जाऊन सांगाल की बाई नव्हे, मुख्याध्यापकांनीच केलं, आणि दोघांनी मिळून समोर बसून खोटं सांगितलं. मग ती पोराला शाळेत सोडताना काय मनात घेऊन सोडेल? नका सांगू."

मी म्हणालो, "पण तुमचं नाव, बाई?"

"माझं नाव आता इथं कोण विचारतं?" त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहून म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही बोलाल असं मला वाटलं होतं. मी बोलून झाल्यावर. मी थोडा वेळ थांबले होते."

त्यांनी पोळ्या केल्या, मी जेवलो.

त्यांनी मला सांगू नका म्हटलेलं हे दुसऱ्यांदा आहे आणि मी दुसऱ्यांदाही सांगतो आहे. पहिल्या वेळी मला वाटलं होतं, मी कौतुक करतोय. या वेळी वाटतंय, मी न्याय करतोय. या वेळचं वाटणं पहिल्यापेक्षा जास्त भरवशाचं आहे, असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. पण शोकसभेत ते शिक्षक बोलले, माणसांनी माना हलवल्या आणि मी खुर्चीत होतो. एवढं कुठेतरी लिहिलेलं असावं.

त्या दिवशी नामपूरहून परतीची एसटी चारला होती. बाई मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. वाटेत, फाट्याला लागूनच, कांदे साठवायच्या एका चाळीसमोर सहा-सात बायका कांदा निवडत बसल्या होत्या. बाहेरगावाहून कामाला आलेल्या, मुलं शेजारी धुळीत. एसटी लागली तशी बाईंनी मला चढवून दिलं, जागा मिळाली का ते खिडकीतून पाहिलं आणि वळल्या. गाडी भरेपर्यंत दहा-बारा मिनिटं तिथेच उभी होती. मी मागे पाहत होतो. बाई त्या बायकांपाशी थांबल्या. "काय वं, जेवन व्हयनं का?" एवढंच मला ऐकू आलं. मग त्यांनी साडी सावरली, एक रिकामं बारदान ओढून त्यावर बसल्या आणि कांद्याची पात कापायला लागल्या. सुरुवातीला कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. गाडी हलली तेव्हा त्यांच्या शेजारची बाई आत जायला उठत होती. ती पाणी आणायला उठली की आणखी कशाला, ते मला कळलं नाही.